पुरात भिजलेली पंचकार्डं आणि ब्राउझरमध्ये चालवलेला आयबीएम १४०१ : सांगलीतलं एक प्रकरण

आधी प्रकरण काय होतं ते सांगते. सांगलीच्या गावभागात राहणाऱ्या एका रिटायर्ड काकांकडं पंचकार्डांचा, म्हणजे भोकं पाडून माहिती साठवायच्या जाड कागदी कार्डांचा, गठ्ठा होता, दीडशेच्या आसपास कार्डं, सत्तरच्या दशकात मुंबईत नोकरीला असताना त्यांनी स्वतः लिहिलेला पगाराचा प्रोग्राम, मशीन आयबीएम १४०१ हा जुना कॉम्प्युटर. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली, धोक्याची पातळी तिथं ४५ फूट धरतात, म्हणजे गावभागात काय झालं असेल ते सांगलीकरांना सांगायला नको. जिन्याखालचं ते खोकं पाण्यात गेलं. कार्डं फुगली, एकमेकांना चिकटली, वरच्या कडेला छापलेली अक्षरं बहुतेक पुसली गेली. काकांनी ती टाकली नाहीत, वर्तमानपत्रांच्या घडीत घालून वाळवली आणि परत खोक्यात ठेवली.

मी विश्रामबागला राहते, वेबसाइट-अॅपची कामं करते. माझ्याकडं इंजिनिअरिंगची दोन पोरं शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी यायची, त्यांच्या कानावर हे आलं आणि विषय सुरू झाला. काकांची इच्छा साधी होती, हा प्रोग्राम परत एकदा चालताना बघायचा. मशीन भारतात कुठं चालू मिळणं शक्यच नव्हतं, आयबीएमनं १९७८ साली इथलं काम बंद केलं आणि ती जुनी मशीनं नंतर हळूहळू भंगारात गेली. अमेरिकेत माउंटन व्ह्यूच्या कॉम्प्युटर हिस्टरी म्युझियममध्ये दोन १४०१ दुरुस्त करून चालू ठेवलीत, पण तिथं ओली होऊन वाळलेली कार्डं रीडरमध्ये कोण घालू देणार. त्यामुळं ठरलं असं की मशीनच ब्राउझरमध्ये उभं करायचं, काकांच्या टॅबवर चालेल असं.

हे लिहायचं कारण एकच. एमुलेटर, म्हणजे जुन्या मशीनची नक्कल करणारा प्रोग्राम, लिहिताना सगळे जण इन्स्ट्रक्शन, म्हणजे मशीनला दिलेली एक-एक आज्ञा, काय करते ते बघतात, आणि तो भाग खरंच सोपा आहे. आमचं काम अडलं ते इन्स्ट्रक्शन संपल्यावर मागं काय उरतं त्यावर. हा प्रोग्राम त्या उरलेल्यावरच उभा होता.

मशीनबद्दल जेवढं लागतं तेवढं

१४०१ जाहीर झालं ५ ऑक्टोबर १९५९ ला. ट्रान्झिस्टरचं मशीन, दहा हजारांहून जास्त बसवली गेली, ऑफिसातले हिशोब कार्डांवरून कॉम्प्युटरवर आले ते मोठ्या प्रमाणात याच मशीनमुळं. भारतात आलेली बरीच मशीनं परदेशात आधी वापरून झालेली, इथं दुरुस्त करून भाड्यानं दिलेली होती. मेमरी चुंबकीय कोअरची, सगळ्यात कमी १४०० अक्षरं आणि सगळ्यात जास्त १६,०००. काकांच्या ऑफिसातल्या मशीनला ४००० होती. चार हजार अक्षरं, त्यात प्रोग्राम, त्यात डेटा, त्यात छापायची ओळसुद्धा! हा आकडा लक्षात ठेवा, पुढचं सगळं त्याच्यामुळं आहे.

प्रत्येक जागेत एक अक्षर, त्याचे सहा बिट, चूक पकडायला एक पॅरिटीचा बिट आणि एक खास बिट ज्याला वर्ड मार्क म्हणतात. आजच्या मशीनसारखं ३२ बिट, ६४ बिट असं काही नाही, आकडा तीन अंकी असो की तीस अंकी, तो कुठं संपतो ते वर्ड मार्क सांगतो. डेटा उजवीकडून डावीकडं वाचला जातो, जसं आपण बेरीज करतो तसं एककापासून, आणि इन्स्ट्रक्शन डावीकडून उजवीकडं. गणित थेट दशमानात. जागाही ठरलेल्या, वाचलेलं कार्ड १ ते ८० मध्ये येतं, पंच करायचं ते १०१ ते १८० मध्ये, छापायची ओळ २०१ ते ३३२ मध्ये. म्हणून बहुतेकांचे प्रोग्राम ३३३ पासून सुरू होतात, काकांचाही तिथूनच होता.

पत्ता लिहायला फक्त तीन अक्षरं, मग ९९९ च्या पुढं कसं जायचं? शेकड्याच्या अंकावर झोनचे बिट, म्हणजे सहातले अंकाबाहेरचे दोन, चढवतात आणि तो अंक अक्षर बनतो, टी४० म्हणजे १३४०. पोरांना हे कळायला जरा वेळ गेला, पण एकदा कळल्यावर ती कार्डं नुसती डोळ्यांनी वाचायला लागली.

कार्डं वाचणं

पंचकार्डाचा एक गुण मला या कामात फार भावला. शाई जाते, कागद पिवळा पडतो, पण भोक हे भोकच राहतं. वरची छपाई गेली तरी माहिती गेलेली नव्हती. कार्डावर ८० कॉलम आणि १२ ओळी, म्हणजे ९६० जागा, आणि प्रत्येक जागी भोक आहे किंवा नाही, एवढाच प्रश्न. काचेच्या टीपॉयखाली ट्यूबलाइट ठेवली, कार्डावर दुसरी काच ठेवून ते सपाट केलं आणि मोबाइलनं वरून फोटो काढले. फोटो ब्राउझरमध्येच वाचायचा, कॅनव्हासवर, म्हणजे ब्राउझरच्या चित्राच्या पाटीवर, घेऊन प्रत्येक जागेचा उजेड मोजायचा.

अडचण फुगलेल्या कार्डांची होती. पाण्यानं कागद सगळीकडं सारखा फुगत नाही, त्यामुळं कॉलम सरळ रेषेत राहिले नव्हते आणि ठरलेली जाळी वरून टाकली की चाळिसाव्या कॉलमनंतर सगळं सरकायचं. शेवटी प्रोग्रामनं जाळी भोकांवरूनच शोधायची असं केलं, थोड्या-थोड्या कॉलमची पट्टी घेऊन ती वेगळी बसवायची. शिवाय प्रत्येक अक्षराचे भोकांचे जोड ठरलेले असतात, ए म्हणजे १२ आणि १ नंबरच्या ओळींत भोक, जे म्हणजे ११ आणि १, स्लॅश म्हणजे ० आणि १, त्यामुळं न बसणारा जोड आला की ते कार्ड बाजूला काढून माणसानं बघायचं.

क्रमाचं काय, हा दुसरा प्रश्न. गठ्ठा सोडवताना कार्डं मागं-पुढं झालेली होती. पूर्वी लोक गठ्ठ्याच्या वरच्या कडेवर पेन्सिलीनं तिरकी रेघ मारून ठेवायचे, क्रम बिघडला की रेघ तुटलेली दिसते, काकांनीही मारली होती पण ती पाण्यात पुसट झालेली. तरी काम झालं कारण असेंब्लर, म्हणजे लिहिलेला प्रोग्राम मशीनच्या भाषेत आणणारा प्रोग्राम, कार्डं पंच करताना ७२ व्या कॉलमपासून अनुक्रम नंबर टाकतो. नंबर लावले आणि कळलं की काही कार्डं नाहीतच, फाटून गेलेली. त्याबद्दल पुढं.

सुरुवातच होईना

सीपीयूचा भाग पोरांनी जावास्क्रिप्टमध्ये पटकन लिहिला. मेमरी म्हणजे ४००० बाइटचा एक टाइप्ड अॅरे, बाइटांची सलग रांग, प्रत्येक बाइटमध्ये सहा बिट अक्षराचे आणि एक वर्ड मार्कचा, पॅरिटी सोडून दिली. तयार एमुलेटर आहेत, बॉब सपनिक यांचा सिमएच आहे, त्यात १४०१ आहे आणि तो सी भाषेत असल्यामुळं वेबअसेंब्लीत, म्हणजे ब्राउझरला चालवता येईल अशा रूपात, नेता आला असता. तो मार्ग आम्ही घेतला नाही कारण काकांना समोर कन्सोल हवं होतं, दिवे, स्विच, एक-एक पायरीनं चालवायची सोय, आणि पोरांना मशीन आतून कळायला हवं होतं. सिमएच आम्ही ताळा करायला वापरला आणि त्याच्याशिवाय हे काम झालंच नसतं.

लोडचं बटण दाबलं की मशीन पहिलं कार्ड १ ते ८० मध्ये घेतं, १ या जागी वर्ड मार्क लावतं आणि तिथूनच इन्स्ट्रक्शन चालवायला सुरू करतं. बास, एवढंच. आता कार्डावर वर्ड मार्क पंच करता येत नाही. आणि इन्स्ट्रक्शन कुठं संपलं हे कळायला पुढच्या इन्स्ट्रक्शनच्या पहिल्या अक्षरावर वर्ड मार्क लागतो. मग पहिलं इन्स्ट्रक्शन संपलं हे मशीनला कळणार कसं? आमच्या एमुलेटरला ते कळलं नाही, त्यानं अख्खं कार्ड एकच इन्स्ट्रक्शन समजून वाचलं आणि थांबला.

पहिल्या कार्डाची सुरुवात असते कॉमा ००८ ०१५ अशी. कॉमा म्हणजे वर्ड मार्क लाव, जागा ८ आणि १५. मॅन्युअलमध्ये एक वाक्य आहे की दोन पत्त्यांचं हे सात अक्षरी इन्स्ट्रक्शन आपोआप संपतं, त्याच्यापुढं वर्ड मार्क लागत नाही. त्या एका अपवादावर सगळं सुरू होतं, पहिलं इन्स्ट्रक्शन दुसऱ्या-तिसऱ्यासाठी खुणा लावतं, ते पुढच्यांसाठी, असं करत मशीन स्वतःला उभं करतं. मला विचाराल तर या अख्ख्या मशीनमधली सगळ्यात देखणी गोष्ट हीच.

त्यानंतरची कार्डंही तशीच. १ ते ३९ कॉलममध्ये प्रोग्रामचा तुकडा, ४० पासून पुढं तो तुकडा मेमरीत कुठं ठेवायचा आणि कुठं-कुठं वर्ड मार्क लावायचे त्याची इन्स्ट्रक्शन, आणि शेवटी १०४०, म्हणजे पुढचं कार्ड वाच आणि ४० वर उडी मार. वेगळा लोडर नाही, प्रत्येक कार्ड स्वतःला जागेवर नेऊन ठेवण्याची सूचना सोबत घेऊन येतं. फाटलेल्या कार्डांच्या वेळी हेच कामाला आलं.

उरलेलं

आता मुख्य गोष्ट. प्रोग्राम लोड झाला, चालला, पगारपत्रक छापायला लागला आणि पहिली पानं बघून पोरं खूश झाली. काकांना दाखवलं तर त्यांनी खात्याच्या बेरजेच्या ओळीवर बोट ठेवलं. त्या ओळीत फक्त बेरजा असायला हव्यात, पण डावीकडं मागच्या कामगाराचं नाव तसंच छापलेलं, आणि उजवीकडचा शेवटचा भाग मात्र स्वच्छ.

“अगं हे ओळ पुसतंच नाहीय पूर्ण. स्लॅश दोनदा आहे का बघ.”

होतं दोनदा. स्लॅश ३३२, आणि लगेच पुढं नुसतं स्लॅश, पत्ता नाही. स्लॅशचं काम म्हणजे दिलेल्या पत्त्यापासून खाली शंभराच्या टप्प्यापर्यंत मेमरी पुसायची, म्हणजे ३३२ ते ३००. पुसून झाल्यावर बी-अॅड्रेस रजिस्टरमध्ये, म्हणजे मशीन चालू पत्ता धरून ठेवतं त्या जागेत, २९९ उरतं. नुसत्या स्लॅशला पत्ता नाही म्हणून तो तेच २९९ घेतो आणि २०० पर्यंत पुसतो. ओळ साफ, पाच अक्षरांत. आमच्या कोडनं पुसायचं काम बरोबर केलं होतं पण रजिस्टर पुढं सरकवलं नव्हतं, त्यामुळं दुसरा स्लॅश परत ३३२ पासूनच पुसत होता आणि ओळीचे डावीकडचे ९९ कॉलम कधी पुसलेच जात नव्हते.

याला चेनिंग म्हणतात, आणि हिशोबाच्या वहीत पान उलटल्यावर “मागील पानावरून” म्हणून जी रक्कम वर लिहितात तसंच हे आहे, मागच्या पानानं जे सोडलं तिथून पुढचं सुरू. अक्षरं हलवायचं इन्स्ट्रक्शन पत्त्यांसकट सात अक्षरांचं, पण शेजारी-शेजारी असलेली दोन फील्ड हलवायची तर दुसऱ्यांदा नुसतं एम लिहिलं की झालं, एक अक्षर, कारण दोन्ही रजिस्टरं आधीच पुढच्या फील्डच्या टोकाशी येऊन थांबलेली असतात. काकांच्या प्रोग्राममध्ये अशा नुसत्या एमच्या रांगा होत्या. त्यांना विचारलं एवढं का ओढून-ताणून, तर म्हणले, “चार हजारात पगार बसवायचा होता बाळ, सहा अक्षरं वाचली म्हणजे सहा वाचली, तिथं एक बेरीज बसायची.”

मग आम्ही पद्धतच बदलली. तोवर पोरं प्रत्येक इन्स्ट्रक्शनसाठी मेमरीत उत्तर बरोबर आलं का एवढंच तपासत होती. आता सिमएचमध्ये तोच गठ्ठा एक-एक पायरीनं चालवायचा, प्रत्येक पायरीनंतर तिन्ही रजिस्टरं काढायची, पुढचा पत्ता, ए आणि बी, आणि आपल्याशी ओळीनं ओळ जुळवायची. पहिला फरक दिसला की थांबायचं. चुका भराभर सापडायला लागल्या, आणि जवळजवळ सगळ्या एकाच जातीच्या, उत्तर बरोबर पण मागं उरलेलं चूक.

त्यातली सगळ्यात मोठी गुणाकारात होती. गुणाकाराचं इन्स्ट्रक्शन १४०१ ला जादा पैसे मोजून घ्यावं लागायचं, काकांच्या मशीनला नव्हतं, म्हणून त्यांनी परत-परत बेरीज करणारं सबरूटीन, म्हणजे लागेल तेव्हा जाऊन परत यायचा प्रोग्रामचा तुकडा, लिहिलेलं. दर गुणिले दिवस काढायला प्रोग्राम तिथं जायचा आणि परतच यायचा नाही, भलत्याच पत्त्यावर जाऊन थांबायचा. आजच्या माणसाला वाटतं परतीचा पत्ता स्टॅकवर, म्हणजे असे पत्ते एकावर एक रचून ठेवायच्या जागेत, असेल. १४०१ ला स्टॅक नाही. उडी मारली की उडीनंतरच्या इन्स्ट्रक्शनचा पत्ता बी रजिस्टरमध्ये उरतो, तेही अॅडव्हान्स्ड प्रोग्रामिंगची जादा सोय घेतली असेल तरच, ती मात्र त्यांच्या मशीनला होती. सबरूटीनचं पहिलंच इन्स्ट्रक्शन एच, बी रजिस्टर साठव. आणि साठवायचं कुठं? सबरूटीनच्या शेवटच्या उडीच्या पत्त्यात. म्हणजे प्रोग्राम चालताना स्वतःचीच ओळ बदलतो आणि मग त्या बदललेल्या ओळीनं घरी परततो.

इथं दोन गोष्टी एकदम अडकल्या होत्या. एक म्हणजे उडीनंतर आमच्या कोडमध्ये बी तसाच राहत होता. दुसरी म्हणजे वेग वाढावा म्हणून एका पोरानं इन्स्ट्रक्शन एकदा वाचलं की त्याचा अर्थ लावून साठवून ठेवायची युक्ती केली होती, आणि स्वतःला बदलणाऱ्या प्रोग्रामपुढं ती युक्ती टिकत नाही, बदललेली ओळ कोणी बघतच नाही. साठवण काढून टाकली. खरं तर तिची गरजच नव्हती, मूळ मशीनची एक सायकल, म्हणजे कामाचा एक ठोका, ११.५ मायक्रोसेकंदाची, म्हणजे सेकंदाला ८७ हजारांच्या आसपास, आजचा स्वस्तातला मोबाइलही झोपेत एवढं करेल.

हलवण्याच्या इन्स्ट्रक्शनमध्येही असंच. पोरांनी त्यासाठी ब्राउझरची तयार कॉपी वापरलेली, मूळ आणि मुक्काम एकमेकांवर चढले तरी मजकूर न बिघडवता हलवणारी. नवीन प्रोग्रामात हेच हवं असतं. पण काकांनी एका ठिकाणी मुद्दाम एकमेकांवर चढवलेलं, उजव्या टोकाला एक रिकामी जागा आणि तीच डावीकडं एक-एक करून पसरत जाते, वर्ड मार्क येईपर्यंत. शहाण्या कॉपीनं ते होऊच दिलं नाही. अक्षर उचल, ठेव, पुढं सर, असं साधंसुधं लिहिल्यावर झालं.

बाकीच्या अडचणी

तुलनेची एक अडचण वेगळ्या जातीची होती. प्रोग्राम कार्डं क्रमानं आलीत का ते तपासतो, आणि अर्ध्यात क्रम चुकला म्हणून थांबायचा. काकांच्या नमुन्याच्या कार्डांत आधी अक्षरांची खाती आणि मग अंकांची, ए, बी, सी आणि नंतर १, २. १४०१ मध्ये अक्षरांपेक्षा अंक मोठे मानले जातात, आजच्या कोडच्या बरोबर उलट, आणि सहा बिटांची नुसती किंमत बघितली तरी हा क्रम मिळत नाही. चौसष्ट अक्षरांचा तक्ता करून त्यातून तुलना करायला लागली.

उणे रकमांवरून पोरांचा आणि काकांचा चांगलाच वाद झाला. एका तपासणीच्या ओळीत ००४एन असं छापून यायचं, पोरं म्हणाली बग आहे. काका म्हणले बरोबर आहे. उण्याचं चिन्ह वेगळं नसतं, शेवटच्या अंकावर झोनचा बिट चढतो आणि ५ चा एन होतो, १ चा जे, ९ चा आर. खऱ्या पगारपत्रकात ते सुटसुटीत करून छापलं जायचं, ही ओळ फक्त तपासणीची म्हणून कच्ची ठेवलेली. काकांनी ००४एन म्हणजे उणे ४५ हे इतक्या सहज वाचलं की पोरं त्यानंतर त्यांच्याकडं वही घेऊन बसायला लागली.

आणि एक गोष्ट आम्हाला मॅन्युअलमध्ये वाचूनही लक्षात आली नव्हती. शेवटचं कार्ड झालं तरी एकूण बेरीज छापली जाईना, मशीन पुढचं कार्ड मागत उभं. रजिस्टरं सिमएचशी तंतोतंत जुळत होती. काकांनी स्क्रीनकडं बघितलं आणि विचारलं, “स्विच ए वर केला का?” कन्सोलवर ए ते जी असे सेन्स स्विच असतात, त्यातला ए शेवटच्या कार्डाचा. तो चालू असेल तरच शेवटचं कार्ड गेल्याची खूण प्रोग्रामला मिळते. ऑपरेटरच्या हाताची सवय होती ती, गठ्ठा ठेवला, ए वर, मग स्टार्ट. आता आमच्या पानावर ए आपोआप वर होत नाही, तो वापरणाऱ्यानंच करायचा. मला ते तसंच हवं होतं, कारण मशीन चालवणं यात ऑपरेटरचं कामही येतं.

वेळ

पहिल्यांदा सगळं जमलं तेव्हा अख्खं पगारपत्रक डोळ्याची पापणी लवायच्या आत छापून झालं. काकांनी काहीच बघितलं नाही. खरं मशीन मिनिटाला ८०० कार्डं वाचायचं, म्हणजे एका कार्डाला ७५ मिलिसेकंद, आणि १४०३ प्रिंटर मिनिटाला ६०० ओळी छापायचा, ओळीला १०० मिलिसेकंद. ब्राउझरमध्ये प्रोग्रामला असं मध्येच थांबवून ठेवता येत नाही, पान गोठून बसतं. म्हणून प्रत्येक इन्स्ट्रक्शनला त्याच्या सायकलींचा वेळ खात्यावर टाकायचा, कार्ड वाचलं की ७५ मिलिसेकंद टाकायचे, आणि घड्याळ तिथवर पोचेपर्यंत पुढचं इन्स्ट्रक्शन द्यायचं नाही.

इथं एक बारीक गोष्ट, कोणी असं काही करणार असेल तर. प्रत्येक फ्रेमला, म्हणजे स्क्रीन एकदा ताजी होते त्या फेरीला, ठराविक सायकली असा हिशोब केला तर ६० हर्ट्झच्या स्क्रीनवर एका फ्रेमला साधारण १४५० सायकली येतात, पण १२० हर्ट्झच्या मोबाइलवर मशीन दुप्पट पळतं. म्हणून फ्रेम मोजायच्या नाहीत, प्रत्यक्ष गेलेला वेळ मोजायचा. आणि पान मागं गेलं, काका व्हॉट्सअॅप बघायला गेले, की ब्राउझर फ्रेम देणं बंद करतो, परत आल्यावर गेलेला वेळ भलामोठा दिसतो आणि मशीन ते भरून काढायला धावत सुटतं. एका वेळी जास्तीत जास्त किती वेळ धरायचा त्यावर मर्यादा घातली.

खऱ्या वेगानं चालवल्याचा फायदा असा झाला की काका आता मध्येच स्टॉप दाबू शकत होते, मोडचा स्विच आय-ईएक्सवर टाकून एक-एक इन्स्ट्रक्शन पुढं नेऊ शकत होते, दिवे वाचू शकत होते. प्रोग्रामबद्दल पन्नास वर्षांनी आठवत नाही म्हणणारा माणूस पत्ता दिसला की सांगायचा, इथं पीएफ कापतोय, पुढं उचल आहे. प्रोग्रामचा कुठला भाग कशाचा, या आमच्या नोंदीतली बहुतेक नावं अशीच भरली गेली.

हरवलेली कार्डं

अनुक्रमात जिथं नंबर तुटत होता तिथं आधीचं आणि नंतरचं कार्ड शेजारी ठेवलं. समजा आधीचं कार्ड आपला तुकडा ११२२ पर्यंत ठेवतं. नंतरच्या कार्डात ३४ अक्षरं आहेत आणि त्यांचं शेवटचं अक्षर ११९३ वर जातं, म्हणजे ती ११६० पासून सुरू होतात. तर मधली ११२३ ते ११५९, सदतीस अक्षरं, गेलेल्या कार्डावर होती. कार्डावर जास्तीत जास्त ३९ बसतात, म्हणजे हे सगळं एकाच कार्डात बसतं. मग बाकीच्या प्रोग्राममधून या पट्ट्यात कोण उडी मारतं, कोण इथलं काही वाचतं ते शोधायचं, प्रत्येक उडीचा पत्ता म्हणजे तिथं एक इन्स्ट्रक्शन सुरू होतं आणि वर्ड मार्कही तिथंच. असे चार-पाच खांब मिळाले की मधलं काकांनी प्रोग्रामच्या कामावरून पेन्सिलीनं भरलं. एक कार्ड नुसत्या मथळ्यांचं होतं, ते सोपं गेलं.

पण यातलं काहीही मूळ म्हणून दाखवायचं नाही यावर मी अडून बसले. ती कार्डं स्क्रीनवर गुलाबी दिसतात, त्यांच्यातलं इन्स्ट्रक्शन चालत असताना कन्सोलची कडाही गुलाबी होते, आणि फाइलमध्ये मूळ भोकांचा गठ्ठा वेगळा, भरलेला वेगळा. पोरांना वाटायचं एवढं कशाला, प्रोग्राम तर चालतोय. तर मला वाटतं की उद्या कोणाला याच प्रोग्रामचा दुसरा गठ्ठा सापडला तर आमचा अंदाज कुठं चुकला ते त्याला एका नजरेत दिसलं पाहिजे, नाहीतर आमचाच अंदाज खरा होऊन बसेल. एका गुलाबी कार्डावर ओव्हरटाइमचे अर्धे पैसे वर धरायचे की सोडून द्यायचे ते ठरतं. काका म्हणतात वर धरायचे, नमुन्याच्या कार्डांवरून दोन्ही उत्तरं जुळतात. ते कार्ड तसंच गुलाबी राहणार.

सध्या सगळं एकाच एचटीएमएल फाइलमध्ये आहे, नेट नसलं तरी उघडतं, कारण काकांच्या घरी रेंजचा भरवसा नाही. ७२९ टेप ड्राइव्ह अजून नाहीत. खोक्यात वर्षअखेरीच्या हिशोबाचा दुसरा गठ्ठा आहे, तो टेपवरून वाचतो, आणि त्याची वरची कार्डं अजून एकमेकांना चिकटलेली आहेत. पोरांची परीक्षा झाली की ती सोडवायला घेणार, काचा आणि ट्यूबलाइट काकांच्या बाहेरच्या खोलीतच ठेवलीय.